नेटवर्क कार्यांचे आभासीकरण

नेटवर्क कार्यांचे आभासीकरण ही दूरसंचार जाळे उभारण्याची एक पद्धती आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती एनएफव्ही या संक्षेपाने ओळखली जाते. ग्राहकाची ओळख पटवणे, पॅकेटांना मार्ग दाखवणे, संभाषण जोडून देणे, फायरवॉल चालवणे अशा कामांसाठी पूर्वी खास बनावटीची स्वतंत्र यंत्रे लागत. या पद्धतीत तीच कामे सर्वसाधारण सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर करते. हे सर्व्हर बहुधा ओपनस्टॅक, कुबरनेटिस यांसारख्या मुक्तस्रोत क्लाउड प्रणालींद्वारे एकत्रितपणे चालवले जातात.

ही संकल्पना ऑक्टोबर २०१२ मध्ये तेरा दूरसंचार कंपन्यांनी एका श्वेतपत्रिकेद्वारे मांडली. यंत्रसामग्री व सॉफ्टवेअर यांची फारकत करून खर्च कमी करणे, नव्या सेवा लवकर सुरू करणे आणि ठरावीक उत्पादकांवरील अवलंबन घटवणे ही तिची उद्दिष्टे होती. त्यांपैकी तांत्रिक फारकत मोठ्या प्रमाणावर साध्य झाली. मात्र अवलंबन संपण्याऐवजी त्याचे स्वरूप बदलले, असे पुढील दशकातील अनुभवावरून दिसते.

## पार्श्वभूमी

दूरध्वनी जाळ्यात सॉफ्टवेअरचा वापर जुना आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सुकासुना येथे १९६५ मध्ये बेल सिस्टीमचे संगणकीय आज्ञावलीवर चालणारे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. परंतु त्यानंतरही अनेक दशके सॉफ्टवेअर आणि ते ज्यावर चालते ते यंत्र एकाच उत्पादकाकडून एकत्र विकत घ्यावे लागे. यंत्रातील चिप, कार्यप्रणाली, देखभालीची साधने आणि सुटे भागही त्याच उत्पादकाचे असत.

४जी जाळ्याच्या गाभ्यावरून ही स्थिती समजू शकते. मोबाइल संच चालू केल्यावर त्याची नोंदणी आणि ठावठिकाणा एमएमई हे घटक पाहते. ग्राहकाची ओळख व त्याला मान्य असलेल्या सेवा यांची माहिती एचएसएस या भांडारात असते. इंटरनेटकडे जाणारी पॅकेटे एस-गेटवे आणि पी-गेटवे या दोन घटकांतून पुढे जातात. यांपैकी प्रत्येक घटक बहुधा वेगळ्या पेटीच्या रूपात मिळत असे. अशा प्रत्येक यंत्राची क्षमता सर्वाधिक गर्दीच्या क्षणासाठी, उदाहरणार्थ ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीसाठी, ठरवावी लागे. इतर वेळी ती क्षमता पडून राही आणि एका पेटीतील रिकामी क्षमता दुसऱ्या कामासाठी वापरता येत नसे.

याच काळात संगणक क्षेत्रात वेगळी वाटचाल झाली होती. एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याचे तंत्र आयबीएमने १९६० च्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांसाठी विकसित केले होते. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरमध्ये आभासीकरणास साहाय्य करणाऱ्या सोयी दिल्या. लिनक्सच्या गाभ्यात २००७ मध्ये केव्हीएम या हायपरव्हायझरचा समावेश झाला. त्यामुळे स्वस्त सर्व्हरवरही आभासी यंत्रे कार्यक्षमतेने चालवणे शक्य झाले.

## इतिहास

### श्वेतपत्रिका आणि मानकीकरण

जर्मनीतील डार्मस्टाट येथे ऑक्टोबर २०१२ मध्ये भरलेल्या परिषदेत तेरा कंपन्यांची संयुक्त श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली. त्यांत एटी अँड टी, बीटी, चायना मोबाइल, डॉइच टेलिकॉम, एनटीटी, ऑरेंज, टेलिफोनिका, टेलस्ट्रा आणि व्हेरायझन यांचा समावेश होता. या कंपन्या यंत्रे बनवणाऱ्या नव्हत्या, तर ती विकत घेणाऱ्या होत्या. उत्पादकांनी काय बनवावे, याविषयी ग्राहकांनी एकत्र येऊन केलेली ती मागणी होती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये एट्सी या युरोपीय दूरसंचार मानक संस्थेत या विषयासाठी स्वतंत्र उद्योग गट स्थापन झाला. फ्रान्समधील सोफिया अँतिपोलिस येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेने ऑक्टोबर २०१३ मध्ये पहिले पाच दस्तऐवज प्रसिद्ध केले. त्यांत वापराची उदाहरणे, आवश्यकता, रचनेची चौकट आणि परिभाषा यांचा समावेश होता. व्यवस्थापन व संयोजन यांवरील दस्तऐवज डिसेंबर २०१४ मध्ये आला.

### मुक्तस्रोत प्रकल्प

मानके कागदावर तयार होत असताना त्यांनुसार चालणारी प्रणाली उभारण्यासाठी लिनक्स फाउंडेशनने सप्टेंबर २०१४ मध्ये ओपीएनएफव्ही हा प्रकल्प सुरू केला. या प्रकल्पाने सर्व सॉफ्टवेअर नव्याने लिहिले नाही. लिनक्स, केव्हीएम, ओपनस्टॅक, ओपन व्ही-स्विच असे आधीपासून असलेले घटक एकत्र जोडून ते दूरसंचाराच्या कसोट्यांवर तपासणे आणि आढळलेल्या त्रुटी मूळ प्रकल्पांकडे दुरुस्तीसाठी नेणे, हे त्याचे मुख्य काम होते. त्याच्या आवृत्त्यांना वर्णानुक्रमाने नद्यांची नावे देण्यात आली. २०१५ मधील पहिली आवृत्ती ‘आर्नो’, तर २०१६ मधील दुसरी आवृत्ती ‘ब्रह्मपुत्रा’ या नावाने ओळखली जाते. २०२१ मध्ये हा प्रकल्प दुसऱ्या एका उपक्रमात विलीन होऊन ‘अनुकेत’ या नावाने पुढे चालू राहिला.

संयोजनाच्या स्तरावर दोन प्रमुख मुक्तस्रोत प्रकल्प पुढे आले. एट्सीच्या आश्रयाखालील ‘ओपन सोर्स मानो’ २०१६ मध्ये सुरू झाला. एटी अँड टीने स्वतःसाठी लिहिलेली ईकॉम्प ही प्रणाली आणि ओपन-ओ हा प्रकल्प यांच्या विलीनीकरणातून २०१७ मध्ये ओनॅप निर्माण झाला.

## रचना

एट्सीच्या चौकटीत तीन मुख्य भाग मानले जातात.

* पायाभूत सुविधा: सर्व्हर, साठवण यंत्रे व नेटवर्क स्विच ही प्रत्यक्ष सामग्री आणि तिच्यापासून आभासी साधने निर्माण करणारा हायपरव्हायझरचा थर.
* आभासी नेटवर्क कार्ये: पूर्वीच्या पेट्यांची जागा घेणारे सॉफ्टवेअर. एक कार्य एका किंवा अनेक आभासी यंत्रांवर पसरलेले असू शकते.
* व्यवस्थापन व संयोजन: यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मानो’ म्हणतात. त्याचे पुन्हा तीन स्तर आहेत. पायाभूत सुविधांचा व्यवस्थापक सर्व्हरमधील साधनांचे वाटप करतो. कार्य-व्यवस्थापक प्रत्येक कार्य सुरू करणे, वाढवणे, दुरुस्त करणे व बंद करणे ही कामे पाहतो. संयोजक अनेक कार्ये जोडून संपूर्ण सेवा तयार करतो.

प्रत्येक कार्यासोबत त्याचे एक वर्णनपत्र असते. त्या कार्यास किती प्रोसेसर, किती स्मृती आणि कोणत्या जोडण्या लागतात, हे त्यात विशिष्ट भाषेत लिहिलेले असते. या पत्राच्या आधारे संयोजक मानवी हस्तक्षेपाविना कार्य उभारू शकेल, अशी मूळ कल्पना आहे.

या पद्धतीची अनेकदा सॉफ्टवेअर-नियंत्रित जाळे म्हणजे एसडीएन या संकल्पनेशी गल्लत केली जाते. एसडीएनमध्ये पॅकेटे पुढे पाठवणारा थर आणि त्याला आज्ञा देणारा थर वेगळे केले जातात. एनएफव्हीमध्ये कार्य आणि ते चालवणारे यंत्र वेगळे केले जाते. दोन्ही परस्परपूरक असल्या, तरी एकीशिवाय दुसरी राबवता येते.

## ओपनस्टॅकची भूमिका

ओपनस्टॅक ही नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेली मुक्तस्रोत क्लाउड प्रणाली आहे. एट्सीच्या चौकटीतील पायाभूत सुविधांच्या व्यवस्थापकाची जागा प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तिने घेतली. तिचा नोव्हा हा भाग आभासी यंत्रे चालवतो, न्यूट्रॉन त्यांच्यातील जाळे जोडतो, सिंडर साठवणीची व्यवस्था करतो, ग्लान्स यंत्रांच्या प्रतिमा सांभाळतो आणि कीस्टोन ओळख व परवानग्या तपासतो. टॅकर हा भाग खास दूरसंचार कार्यांच्या व्यवस्थापनासाठी नंतर जोडला गेला.

ओपनस्टॅक मूलतः संकेतस्थळे आणि कार्यालयीन संगणन यांसाठी घडवलेले होते. अशा कामात एखादे आभासी यंत्र कोणत्या सर्व्हरवर चालते, याला फारसे महत्त्व नसते. दूरसंचारात मात्र पॅकेटास होणारा विलंब, प्रोसेसर आणि स्मृती यांच्यातील अंतर, तसेच नेटवर्क कार्डाचा प्रकार यांवर सेवेची गुणवत्ता ठरते. त्यामुळे ठरावीक आभासी यंत्रास प्रोसेसरचे ठरावीक गाभे राखून ठेवणे आणि त्यास त्याच गाभ्यांजवळची स्मृती देणे, या सोयी २०१४-१५ च्या सुमारास नोव्हामध्ये समाविष्ट करण्यात आल्या.

## वेगाचा प्रश्न

सर्वसाधारण सर्व्हर खास यंत्राइतक्या वेगाने पॅकेटे हाताळू शकेल का, ही सुरुवातीची प्रमुख शंका होती. १० गिगाबिट क्षमतेच्या इथरनेट जोडणीवर ६४ बाइटची सर्वांत लहान पॅकेटे सलग आली, तर त्यांची संख्या सेकंदास सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार होते. म्हणजे प्रत्येक पॅकेटासाठी साधारण ६७ नॅनोसेकंद मिळतात. ३ गिगाहर्ट्‌झ वेगाच्या प्रोसेसरसाठी हा अवधी सुमारे २०० चक्रांचा आहे. मुख्य स्मृतीतून एकदा माहिती आणण्यासच साधारण इतका वेळ लागू शकतो. नेहमीच्या पद्धतीत नेटवर्क कार्ड पॅकेट आल्याची सूचना प्रोसेसरला देते, कार्यप्रणालीचा गाभा ते स्वीकारतो आणि नंतर त्याची प्रत संबंधित प्रोग्रॅमला देतो. हा सर्व प्रवास इतक्या कमी वेळात होणे शक्य नसते.

यावर दोन उपाय रूढ झाले. पहिला उपाय म्हणजे इंटेलने सुरू केलेले आणि पुढे २०१७ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे आलेले डीपीडीके हे मुक्तस्रोत साधन. यात प्रोग्रॅम कार्यप्रणालीच्या गाभ्याला वगळून थेट नेटवर्क कार्डातून पॅकेटे उचलतो. तो सूचनेची वाट पाहत नाही, तर अखंडपणे कार्ड तपासत राहतो. स्मृतीचे पत्ते शोधण्याचा वेळ वाचवण्यासाठी ४ किलोबाइटऐवजी २ मेगाबाइट किंवा १ गिगाबाइट आकाराची पृष्ठे वापरली जातात. त्याची किंमत अशी की, जाळ्यात रहदारी नसतानाही प्रोसेसरचे राखून ठेवलेले गाभे पूर्ण क्षमतेने चालू राहतात आणि वीज खर्च होते.

दुसरा उपाय म्हणजे एसआर-आयओव्ही हे तंत्र. यात एकच नेटवर्क कार्ड अनेक कार्डे असल्यासारखे दिसते आणि त्याचा एकेक भाग आभासी यंत्रास थेट दिला जातो. त्यामुळे हायपरव्हायझरचा अडसर दूर होऊन वेग वाढतो. मात्र आभासी यंत्रातील सॉफ्टवेअरला त्या विशिष्ट कार्डाची ओळख असावी लागते, आणि चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणे अवघड होते. म्हणजे वेग मिळवण्यासाठी सॉफ्टवेअर आणि यंत्रसामग्री यांच्या फारकतीचा काही भाग सोडून द्यावा लागतो.

## विश्वासार्हता

दूरसंचार यंत्रणांकडून परंपरेने ९९.९९९ टक्के उपलब्धतेची अपेक्षा केली जाते. याचा अर्थ वर्षभरात एकूण सुमारे सव्वापाच मिनिटांपेक्षा अधिक काळ सेवा बंद राहू नये. ९९.९ टक्के उपलब्धता असलेला सर्व्हर वर्षात जवळजवळ पावणेनऊ तास बंद राहू शकतो. खास यंत्रांमध्ये दुहेरी प्रोसेसर व दुहेरी वीजपुरवठा यांच्या साहाय्याने अपेक्षित उपलब्धता गाठली जाई. आभासी पद्धतीत सर्व्हर बंद पडणार हे गृहीत धरून सॉफ्टवेअरने सेवा टिकवावी, अशी अपेक्षा असते.

त्यासाठी चालू संभाषणांची आणि जोडण्यांची माहिती कार्यापासून वेगळी काढून सामायिक भांडारात ठेवावी लागते. तरच एक आभासी यंत्र बंद पडल्यावर दुसरे यंत्र तेच काम पुढे नेऊ शकते. सुरुवातीच्या काळात अनेक उत्पादकांनी जुन्या पेटीतील सॉफ्टवेअर फारसे न बदलता तसेच आभासी यंत्रात बसवले. अशी कार्ये सर्व्हरवर चालत असली, तरी आकाराने मोठी, सुरू होण्यास संथ आणि मागणीनुसार लहानमोठी करण्यास कठीण होती.

## कंटेनरकडे वाटचाल

आभासी यंत्रात स्वतंत्र कार्यप्रणाली असते. कंटेनर मात्र यजमान सर्व्हरच्याच कार्यप्रणालीचा गाभा वापरतो. त्यामुळे तो हलका असतो आणि काही क्षणांत सुरू होतो. कंटेनर चालवणारी कुबरनेटिस ही प्रणाली गूगलने २०१४ मध्ये मुक्तस्रोत म्हणून प्रसिद्ध केली. ३जीपीपी या संस्थेने २०१८ मध्ये पूर्ण केलेल्या ५जी मानकांत जाळ्याचा गाभा लहान सेवांमध्ये विभागला असून त्या एकमेकींशी वेब-तंत्रानेच संवाद साधतात. ही रचना कंटेनरला अनुकूल ठरली.

कुबरनेटिसमध्येही दूरसंचारासाठी बदल करावे लागले. मूळ प्रणालीत कंटेनरांच्या गटास एकच नेटवर्क जोडणी मिळते, तर गेटवेसारख्या कार्यास नियंत्रण, ग्राहकांची रहदारी आणि देखभाल यांसाठी वेगवेगळ्या जोडण्या लागतात. मल्टस या जोडसाधनाने ही उणीव भरून काढली. नेफिओ व सिल्व्हा हे २०२२ मध्ये जाहीर झालेले मुक्तस्रोत प्रकल्प याच दिशेचे आहेत. सिल्व्हामध्ये युरोपातील पाच मोठ्या दूरसंचार कंपन्या सहभागी आहेत.

## वापर

### अमेरिका आणि जपान

२०२० पर्यंत आपल्या जाळ्याचा ७५ टक्के भाग सॉफ्टवेअर-नियंत्रित करण्याचे उद्दिष्ट एटी अँड टीने ठेवले होते. त्यासाठी तिने स्वतःची क्लाउड प्रणाली उभारली. परंतु जून २०२१ मध्ये ते तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टला देण्याचा आणि ५जी गाभा मायक्रोसॉफ्टच्या मंचावर नेण्याचा निर्णय जाहीर केला.

जपानमध्ये राकुतेन मोबाइलने एप्रिल २०२० मध्ये व्यावसायिक सेवा सुरू केली. तिच्या जाळ्यात गाभ्यासह रेडिओ भागाची बरीच कार्येही सुरुवातीपासून आभासी स्वरूपात होती. या उभारणीचे नेतृत्व करणारे तारेक अमीन यापूर्वी रिलायन्स जिओमध्ये कार्यरत होते. जुनी यंत्रे सांभाळण्याचे बंधन नसल्याने हे शक्य झाले, असे मानले जाते. मात्र मनोरे आणि व्याप्ती यांवरील मोठ्या खर्चामुळे कंपनीस नंतर अनेक वर्षे तोटा सोसावा लागला. गाभा आभासी झाला, तरी मनोरे, जागा, तारा आणि तरंगलहरी यांचा खर्च त्यामुळे टळत नाही.

### भारत

भारतात रिलायन्स जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये व्यावसायिक सेवा सुरू केली, तेव्हा तिच्याकडे २जी अथवा ३जी जाळे नव्हते आणि संभाषणही ४जी डेटा जाळ्यातूनच होत असे. नवी मुंबईतील घणसोली येथे प्रमुख संकुल असलेल्या या कंपनीने ऑक्टोबर २०२२ पासून ४जी गाभ्यावर अवलंबून नसलेली ५जी सेवा सुरू केली असून त्यासाठी स्वतः विकसित केलेला गाभा वापरत असल्याचे जाहीर केले आहे. भारती एअरटेलने २०२० मध्ये आयबीएम आणि रेड हॅट यांच्या साहाय्याने ओपनस्टॅकवर आधारित दूरसंचार क्लाउड उभारण्याची घोषणा केली. व्होडाफोन आयडियानेही याच दोन कंपन्यांसमवेत खुल्या क्लाउडची उभारणी हाती घेतली.

## अपेक्षा आणि अनुभव

या पद्धतीमुळे सामायिक सर्व्हरसाठ्याचा वापर, दूरस्थपणे सॉफ्टवेअर बदलण्याची सोय आणि मागणीनुसार क्षमतावाढ हे लाभ मिळाले. कमी खर्चाची अपेक्षा मात्र सर्वत्र पूर्ण झाली नाही. पेट्यांची किंमत कमी झाली, तरी परवाने, साहाय्य-करार आणि कुशल मनुष्यबळ यांचा खर्च वाढला.

सर्वांत मोठा बदल जबाबदारीच्या बाबतीत झाला. पूर्वी यंत्र बंद पडल्यास एकाच उत्पादकास जाब विचारता येई. आता सर्व्हर एकाचा, हायपरव्हायझर दुसऱ्याचा, कार्य तिसऱ्याचे आणि संयोजक चौथ्याचा असू शकतो. बिघाडाचे मूळ नेमके कोणत्या थरात आहे, हे ठरवण्याचे काम दूरसंचार कंपनीवर किंवा तिने नेमलेल्या एकत्रीकरण करणाऱ्या कंपनीवर येते. एखाद्या थराची आवृत्ती बदलली की सर्व कार्यांची पुन्हा चाचणी करावी लागते. यामुळे अनेक कंपन्यांनी सर्व थर पुन्हा एकाच पुरवठादाराकडून घेणे पसंत केले. काही ठिकाणी प्रत्येक पुरवठादाराचा स्वतंत्र क्लाउड उभा राहिला आणि सामायिक साठ्याचा मूळ हेतू बाजूला पडला.

मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरवरील अवलंबनाचे एक उदाहरण व्हीएमवेअरच्या संदर्भात दिसून आले. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही कंपनी विकत घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. आपली सुमारे ७५,००० आभासी यंत्रे आणि ८,६०० सर्व्हर या सॉफ्टवेअरवर चालतात, असे सांगत एटी अँड टीने २०२४ मध्ये साहाय्य-करार चालू राहण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. हा वाद पुढे तडजोडीने मिटला. मुक्तस्रोत प्रणालीत परवान्याचा असा प्रश्न उद्भवत नाही. परंतु ती स्वतः चालवण्याची क्षमता कंपनीत नसल्यास साहाय्य देणाऱ्या कंपनीवर अवलंबून राहावेच लागते.

## सुरक्षितता

एकाच सर्व्हरवर अनेक कार्ये चालत असल्याने हायपरव्हायझरमधील त्रुटीचा परिणाम सर्वांवर होऊ शकतो. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधील त्रुटींमुळे एका प्रोग्रॅमची माहिती दुसऱ्यास वाचता येण्याचा धोका स्पष्ट झाला. त्यांवरील उपायांमुळे काही प्रमाणात वेगही घटला. संयोजकावर ताबा मिळवणाऱ्यास संपूर्ण जाळे बदलता येत असल्याने त्या स्तराचे रक्षण विशेष महत्त्वाचे मानले जाते. दुसरीकडे, आढळलेली त्रुटी सर्व ठिकाणी एकाच वेळी दुरुस्त करणे या पद्धतीत सोपे जाते.

भारतात जून २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना नवी उपकरणे केवळ विश्वसनीय ठरवलेल्या स्रोतांकडूनच जोडता येतात. यंत्र आणि सॉफ्टवेअर यांचे पुरवठादार वेगवेगळे असतात तेव्हा अशी पडताळणी प्रत्येक थरासाठी करावी लागते.

## हे सुद्धा पहा

* ओपनस्टॅक
* कुबरनेटिस
* सॉफ्टवेअर-नियंत्रित जाळे
* क्लाउड संगणन
* ५जी
* मुक्तस्रोत सॉफ्टवेअर